न वाचलेली ओळ

राजधानी, २९ ऑक्टोबर

अन्थूसाताईस,

मला पुन्हा लिहू नकोस असं तू निकेयाच्या न्यायालयाच्या दारात सांगितलं होतंस. दोन वर्षं मी ते पाळलं. आज मोडतो आहे. रागव, पण नंतर.

तीन दिवसांपूर्वी, संत दिमित्रिओसच्या दिवशी, दुपार कलताना, इथं धरणीकंप झाला. आमच्या कचेरीचं छत पोथ्यांच्या कपाटांवर कोसळलं. मी मेजाखाली शिरलो. मला इथं पुढचं लॅटिन शिकवणारे म्हातारे एल्पिदिओस मात्र जागचे हलले नाहीत. धूळ बसल्यावर मला म्हणाले, "बाहेर ये आता. आणि जिथं वाचत होतास ते पान शोध." मी धडधाकट आहे. तटाची भिंत बऱ्याच ठिकाणी आडवी झाली आहे आणि लोक अजून बागांमधूनच झोपतात.

काल निकोमेदियाहून होडी आली. उतारू सांगत होते की निकेयात फक्त एक चर्च उभं राहिलंय, बाकी सगळा ढिगारा. तुमचा मोहल्ला सरोवराच्या वेशीजवळचा. मी त्या वेशीबद्दल चौघांना विचारलं, चौघांनी चार गोष्टी सांगितल्या.

हे पत्र खेचरवाल्या लेओन्तिसबरोबर देतो आहे. तो त्या वाटेनं नेहमी माल नेतो. उत्तर लिहू नकोस, नसलं लिहायचं तर. त्याला नुसतं तोंड दाखव, तुझ्या फेब्रोनियाचंही दाखव. तो मला येऊन सांगेल.

सिसिन्निओस

राजधानी, १७ नोव्हेंबर

ताई,

लेओन्तिस आला. मी त्याला गोदीवर गाठलं. तो खेचरांना पाणी पाजत होता आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, "आहेत, दोघीही आहेत." मी तिथंच पायरीवर बसलो. त्यानं मला स्वतःची अर्धी भाकरी दिली आणि मी ती खाल्लीही. चव कळली नाही, पण दोन दिवसांत पोटात गेलेलं तेच पहिलं अन्न.

त्यानं सगळं सांगितलं. तुम्ही दोघी त्या वेळी सरोवरावर लोकर धूत होतात म्हणून वाचलात. फेब्रोनियाचं मनगट दुखावलंय, पण बोटं हलतात. गेलेल्या मरिनोसभावजींची वीटभट्टी मात्र एक भिंत सोडून तशीच उभी आहे. तू पत्र घेतलंस, फोडलं नाहीस, कमरेला खोचलंस. मग म्हणालीस, "घर पडलं, आम्ही नाही पडलो. एवढं सांग त्याला." हे त्यानं तुझ्या आवाजात करून दाखवलं. वाईट नकलाकार आहे, तरी मला तू ऐकू आलीस.

आता माझ्या कामाचं सांगतो, म्हणजे मी इथं काय करतो ते तुला कळेल. सम्राटांनी नवी कायद्याची पोथी करायला घेतली आहे. जुने कायदे ढीगभर, निम्मे लॅटिनमध्ये, आणि लॅटिन तर आता इथंही बोटावर मोजण्याइतक्यांना येतं. खेड्यातला न्यायाधीश काय वाचणार? तो कुणीतरी वाचून दाखवील त्यावर मान हलवतो. म्हणून सगळ्याचं सार काढून, आपल्या रोजच्या ग्रीकमध्ये, हातात मावेल अशी एकच पोथी करायची आहे. मी जुनं वाचतो, एल्पिदिओस अर्थ सांगतात, वरचे अधिकारी काय ठेवायचं ते ठरवतात आणि मग मी लिहून काढतो. न्यायाधीशांना यापुढे पगार सरकारी खजिन्यातून मिळणार आहे, म्हणजे पक्षकारांकडून कुणी काही घ्यायचं नाही.

त्या दिवशीच्या न्यायालयाबद्दल मी पुष्कळदा विचार करतो. जे पुस्तकात होतं ते तू ऐकलंस. मी वाचणारा. वाचणारा दुसरं काय करणार?

प्रकृतीला जप. थंडीच्या आत डोक्यावर काहीतरी घाल.

सिसिन्निओस

राजधानी, १२ डिसेंबर

ताई,

फेब्रोनियाचं पत्र आलं. तुला न सांगता लिहिलंय तिनं, तिला बोलू नकोस. अक्षर चांगलं आहे, मनगट दुखावलेलं असूनही. तू तिला लिहायला शिकू दिलंस हे पाहून बरं वाटलं. आपल्यात तुला ते कुणी शिकवलं नाही.

ती लिहिते की तुझे दीर बार्दानिस यांनी तिचं लग्न ठरवलंय. ईस्टरनंतर. मुलगा त्यांच्या बायकोचा भाचा, वय तीसच्या पुढं, आधीची बायको गेलेली. तुला विचारलं नाही, नुसतं कळवलं. सगळं निकेया आता विटा मागतं आहे आणि भट्टीची वारस फेब्रोनिया आहे. म्हणजे भट्टी कायमची घरात. हे मी जोडून लिहितो आहे असं नाही, चौदा वर्षांच्या पोरीनं ते स्वतःच जोडलंय.

आणि शेवटी विचारते: "मामा, तुम्ही कायदे लिहिता म्हणे. आईला विचारायला पाहिजे असा एखादा कायदा आहे का?"

हे पत्र मी चार दिवस घेऊन हिंडतो आहे.

ताई, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते आता सरळ लिहितो.

मरिनोसभावजी गेले, मृत्युपत्र नव्हतं, आणि बार्दानिसनं फेब्रोनियाचं आणि भट्टीचं पालकत्व मागितलं. न्यायाधीशांना जुनी पोथी वाचता येईना म्हणून मला उभं केलं. निकेयात लॅटिन येणारा मी एकटाच होतो आणि मला त्याची केवढी घमेंड होती ते तुला ठाऊक आहे. मी शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घेतली की जे लिहिलंय ते वाचीन. मी वाचलं: बाप गेला तर पालकत्व बापाकडच्या जवळच्या पुरुषाकडे जातं. तसं लिहिलेलं होतं. खरंच होतं.

पण पुढं, नंतर जोडलेल्या भागात, दुसरी ओळ होती. आई जर पुन्हा लग्न करणार नाही असं लिहून देत असेल, तर आईच पालक, आणि ती चुलत्याच्या आधी. न्यायाधीशांनी मला विचारलं, "आणखी काही आहे का?" मी म्हणालो, "नाही."

तू समोर उभी होतीस. काळी ओढणी होती. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी पोथीकडे.

का म्हणालो? बार्दानिसचा साडू राजधानीत होता. त्याच्या शब्दावर मला ही जागा मिळणार होती. आठ दिवसांनी मिळाली. मी स्वतःला सांगितलं की बाईच्या हातात भट्टी बुडेल, की तू तरुण आहेस, पुन्हा लग्न करशीलच. हे सगळं नंतर सुचलं. "नाही" म्हणताना डोक्यात फक्त जागा होती.

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि तू नऊ. मला कडेवर घेऊन पाणी भरायचीस. हे मी तुला पाघळवायला लिहीत नाही. मला कुणी "का" असं विचारलं तर मी काय विकलं ते मला माहीत आहे, एवढंच.

फेब्रोनियाला सांग, तसा कायदा होता. तिच्या मामानं लपवला.

सिसिन्निओस

राजधानी, ६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. मी मागितलंही नव्हतं. पण लेओन्तिसनं सांगितलं की तू फेब्रोनियाकडून पत्र तीनदा वाचून घेतलंस आणि मग भट्टीवर निघून गेलीस. जाताना काही बोलली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "म्हणाल्या, याला आता सुचलं."

आता सुचलं, हे खरं आहे.

मागच्या आठवड्यात लग्नाचं आणि पालकत्वाचं प्रकरण मेजावर आलं. वरचे अधिकारी सात जण. मी कोपऱ्यात, वाचायला. जुनं वाचून झालं. मग मसुदा आला: लग्नाला दोन्ही पक्षांची आणि आईबापांची संमती हवी. त्यावर एक अधिकारी म्हणाले, 'बापाची' एवढं पुरे, आई कशाला, बाप नसेल तर चुलते असतातच. दोघातिघांनी मान डोलावली. असं वाटलं की लेखणी फिरवतील आणि पुढं जातील.

वाचणाऱ्यानं बोलायचं नसतं. मी बोललो. उठून उभा राहिलो आणि म्हणालो की मला एक घटना सांगायची परवानगी द्या. सांगितली. निकेयाचं नाव घेतलं, तुझं घेतलं नाही, माझं घेतलं. मी ओळ गाळली, आणि न्यायाधीशांना पोथी वाचता येत नव्हती म्हणून ती गळून गेली, असं म्हणालो. आता तुम्ही जर आईचा शब्द गाळलात तर कुणी वाचू शकणाराही तो परत आणू शकणार नाही.

मग ते 'आई कशाला' म्हणणारे अधिकारीच म्हणाले, "शपथेवर?"

मी हो म्हणालो.

त्यांनी मला बाहेर बसवलं. ओसरीवर खूप गारठा होता. शेवटी एल्पिदिओस बाहेर आले, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आई राहिली. बापाबरोबर तिचंही नाव. आणि नवरा गेला तर घर आणि पोरं तिच्या हातात, पुन्हा लग्न करीपर्यंत कुणी काढून घ्यायचं नाही."

मला हसू आलं, ताई. इतकं सुटल्यासारखं वाटलं की आपण कुठं बसलोय हेच विसरलो. तेही जरा हसले. मग म्हणाले, "तू बोललास म्हणून झालं असं समजू नकोस. मसुदा करणाऱ्यांच्या मनात ते आधीपासून होतं. तुझ्यामुळे फक्त कुणाला खोडायची लाज वाटली."

एवढंही मला पुष्कळ आहे. माझ्या शपथेचं काय ते निकेयाच्या न्यायालयानं बघावं, असं म्हणून अधिकाऱ्यांनी मला पोथी पुरी होईपर्यंत कामावर ठेवलंय.

काल शिक्षांचं प्रकरण लिहून काढलं. त्यात एक वाक्य आहे: शुभवर्तमानावर हात ठेवून जो खोटं बोलेल त्याची जीभ कापावी. ते मी स्वच्छ अक्षरात लिहिलं. लिहिताना माझी जीभ टाळूला चिकटून बसली होती, हे खरं सांगतो.

सिसिन्निओस

राजधानी, २३ मार्च

ताई,

पोथी जाहीर झाली. लेओन्तिसच्या हाती एक प्रत निकेयाच्या न्यायाधीशांसाठी जाते आहे, त्याबरोबर हे पत्र आणि एक मोहरबंद कागद. कागद तूच न्यायाधीशांच्या हातात द्यायचा, दुसऱ्या कुणाच्या नाही.

का लागतो ते समजून घे. बार्दानिस म्हणतील, निकाल आधी लागलेला आहे, नवा कायदा नव्या भांडणांना. ते बरोबरही असेल. जुना निकाल उघडायचा तर तो फसवून घेतला होता असं दिसलं पाहिजे, आणि ते सांगू शकणारा मी एकटाच आहे. म्हणून सगळं लिहून, सही करून दिलंय. कुठल्या पोथीतलं कोणतं पान, तेही.

एल्पिदिओसनी मला दोन दिवस समजावलं. "मुलीच्या लग्नाला आता आईची संमती लागतेच. भट्टी जाऊ दे. जीभ एकदाच मिळते." मी त्यांना म्हणालो की भट्टी गेली तर संमती किती दिवस टिकेल? उपाशी माणसाची संमती मिळवायला वेळ लागत नाही. त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं कागदाला मेण लावून दिलं.

मला भीती वाटते आहे. पण दोन वर्षांत पहिल्यांदा मला शांत झोप लागते. दोन्ही एकदम कसं होतं मला माहीत नाही.

काहीही झालं तरी तू तिथं माझ्यासाठी बोलू नकोस. स्वतःसाठी बोल.

सिसिन्निओस

निकेया, ४ एप्रिल

सिसिन्निओस,

मी सांगते आहे, फेब्रोनिया लिहिते आहे. तिनं मध्ये स्वतःचं काही घातलं तर ते माझं समजू नकोस.

पहिलं सांगते: तुझी जीभ तोंडात राहणार आहे. आता बाकीचं नीट ऐक.

कागद घेऊन मी परवा न्यायाधीशांकडे गेले. न्यायालयाची इमारत पडलीये, ते चर्चच्या अंगणात अंजिराखाली बसतात. बार्दानिसभावजींना बोलावणं गेलं. ते आले, बायकोला घेऊन, त्या भाच्यालाही घेऊन. भाचा अंगणाच्या कडेला उभा राहून भाजलेले चणे खात होता. (आई, मी हे लिहिणारच. तो सगळा वेळ खात होता. — फे.)

न्यायाधीशांनी मेण फोडलं आणि तुझा कागद स्वतः वाचला, मोठ्यानं, कारण ग्रीकमध्ये होता. वाचताना मध्ये एकदा थांबले. मग नवी पोथी उघडली, तीही स्वतः वाचली. बोट ठेवून, हळूहळू, शाळेतल्या पोरासारखी. लोक गोळा झाले होते. कायदा असा, कुणी मध्ये न येता वाचलेला, निकेयात बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. मीही.

भावजी उठले. आधी म्हणाले, निकाल झालेला आहे. मग त्यांनी पवित्रा बदलला. म्हणाले, "हा माणूस स्वतःच कबूल करतो की शपथेवर खोटं बोलला. खोटारड्याच्या कागदावर तुम्ही निकाल फिरवणार? आधी पोथीत लिहिलंय ते करा. त्याला आणा आणि जीभ कापा."

तू मला तुझ्यासाठी बोलू नकोस असं लिहिलं होतंस. मी बोलणार होतेच, तुझं कधी ऐकलंय मी? पण न्यायाधीशांनी हात वर केला.

ते काय म्हणाले ते फेब्रोनियाच्या नीट लक्षात आहे, तिला लिहू देते:

"त्या दिवशी जुनी पोथी माझ्या मांडीवर होती. मला ती वाचता येत नव्हती, आणि एवढ्या लोकांसमोर मी ते म्हणालो नाही. मी विचारलं आणखी काही आहे का, आणि मनात म्हटलं, नसलं तर बरं, जेवायची वेळ झाली आहे. आता जीभ कापायची तर मोजायला कुठून सुरुवात करू? तुम्हाला, बार्दानिस, ती दुसरी ओळ माहीत होती का?"

भावजी म्हणाले, मला कुठलं लॅटिन. तेव्हा त्यांची बायको पटकन म्हणाली, "यांच्या साडूंनी सांगितलं होतं की." तिला वाटलं ती नवऱ्याची बाजू सावरते आहे. त्यानंतर भावजी खाली बसले ते उठलेच नाहीत.

निकाल असा. जुना निकाल रद्द. घर, म्हणजे घराची जागा, भट्टी आणि फेब्रोनिया माझ्याकडे. तिचं लग्न तिच्या आणि माझ्या मर्जीशिवाय कुणी ठरवायचं नाही. माझ्याकडून एवढंच लिहून घेतलं की घरात काय काय आहे त्याची यादी करून देईन आणि पुन्हा लग्न केलं तर सगळं पोरीच्या नावानं सोडीन. मी अंगठा उठवला.

आणि तुझं. न्यायाधीश म्हणाले, तो गुन्हा नव्या पोथीच्या आधीचा, तिची शिक्षा त्याला लागत नाही, आणि स्वतः येऊन सांगणाऱ्याला जुन्या कायद्यातही सवलत आहे. तुला यापुढे कुठल्याही न्यायालयात शपथेवर वाचता येणार नाही. जन्मभर. हे राजधानीला कळवायचं आहे, म्हणजे तुझी जागा जाईल असं ते म्हणाले. मी विचारलं, लिहिता येईल का त्याला? ते म्हणाले, लिहायला शपथ लागत नाही.

(मामा, बाहेर आल्यावर आई भिंतीला धरून उभी राहिली आणि हसायला लागली. लोक बघत होते. मी म्हटलं, आई, पुरे. तर म्हणते, "मला हसू दे, दोन वर्षांचं साठलंय." मला लग्न करायचंच नाही असं नाही. पण आत्ता नाही. आणि चणे खाणाऱ्याशी तर नाहीच. — फे.)

आता मी सांगते ते लिही, फेब्रोनिया, पुरे झालं तुझं.

सिसिन्निओस, तुझं डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, हे आगीत टाकावं आणि याला मेलेला समजावं. टाकलं नाही. रागापेक्षा मला दुसरंच काहीतरी झालं. दोन वर्षं मी समजत होते की कायद्यातच माझ्यासारखीला जागा नाही. माझ्या भावानं चोरी केली हे ऐकून, खोटं वाटेल तुला, मला बरं वाटलं. चोरी झाली म्हणजे वस्तू होती. भावावर रागावता येतं. कायद्यावर कसं रागवायचं?

राग आहे अजून. तो काही एका कागदानं जात नाही. समोर आलास की थोडा थोडा काढीन.

भट्टीची पडलेली भिंत मी आणि दोन गड्यांनी बांधून घेतली. काल भट्टी पेटवली. पहिल्या विटा कुणाच्या, यावर वेशीपाशी आत्तापासूनच भांडणं चालली आहेत. चर्चवाले म्हणतात आमच्या, बेकरीवाला म्हणतो आमच्या. मी म्हटलंय, आधी आमच्या. आम्हीही उघड्यावरच आहोत.

ये तू. ईस्टरच्या आठवड्यात नको, तेव्हा भट्टी उघडायची आहे आणि मला कुणाशी बोलायला वेळ नसेल. त्यानंतर ये. कोण किती विटा नेतो ते लिहून ठेवणारा माणूस मला हवाच आहे. अंथरूण आहे, मसूर आहे, सरोवरात मासे आहेत. छप्पर अजून नाही. पण हवा आता उबदार झालीये.

अन्थूसा